वळणाची किंमत
वर्तुळाकार कणत्वरक : अकलूजच्या रिंगणापासून इंदूरच्या प्रयोगशाळेपर्यंत

आषाढात तुकोबारायांची पालखी आपल्या भागातून पुढे सरकते, तेव्हा टेंभुर्णी आणि आसपासच्या गावांतली कितीतरी माणसे रिंगण पाहायला जातात. अकलूजचे रिंगण गोल, माळीनगरचे उभे. उभ्या रिंगणात वारकरी दोन रांगांत समोरासमोर उभे राहतात आणि मधल्या वाटेने अश्व धावतो. रांग संपली की धाव संपली. अश्वाला आणखी धावू द्यायचे तर रांग लांबवावी लागेल, आणि रस्ता काही अमर्याद नसतो. गोल रिंगणात ही अडचण नाही. मैदान तेवढेच, फेऱ्या मात्र हव्या तितक्या. पण नीट पाहणाऱ्याला एक गोष्ट दिसते : गोल धावणारा अश्व आतल्या बाजूला झुकलेला असतो. सरळ धावताना न लागणारे बळ त्याला वळण घेण्यासाठी लावावे लागते.

गेली सुमारे शंभर वर्षे भौतिकशास्त्रज्ञ अणूच्या आत काय आहे हे पाहण्यासाठी जी यंत्रे बांधत आले, त्यांचेही हेच दोन प्रकार आहेत. काही यंत्रांत कण सरळ रेषेत धावतात, काहींत वर्तुळात. या यंत्रांना कणत्वरक म्हणतात. वर्तुळाकार त्वरकांविषयी वर्तमानपत्रांत येते ते बहुधा जिनिव्हाच्या बोगद्याविषयी, आणि ते वाचून आमच्याकडचे विद्यार्थी विचारतात, ‘सर, एवढे मोठे यंत्र कशासाठी? लहान वर्तुळात भागत नाही का?’ प्रश्न साधा आहे, पण या शास्त्राचा सगळा इतिहास त्यात आहे. वर्तुळ किती मोठे असावे हे ठरते वळणाच्या किमतीवरून. ही किंमत कोणती, ती कोणी भरली आणि कोणी वसूल केली, याचा मागोवा या लेखात घेऊ.

वेग कशासाठी?

कोणतीही वस्तू पाहायची तर तिच्यावर काहीतरी आदळून परत यावे लागते. दिव्याचा प्रकाश भिंतीवर आदळून डोळ्यात येतो, म्हणून भिंत दिसते. पण आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी अणूच्या आकाराच्या काही हजार पट असते. विहिरीच्या दोराने सुईत ओवता येत नाही, तसा या प्रकाशाने अणू पाहता येत नाही. त्यासाठी तरंगलांबी लहान हवी. पुंजभौतिकी सांगते की, वेगाने धावणाऱ्या कणालाही तरंगलांबी असते आणि कणाची ऊर्जा जितकी जास्त तितकी ती लहान. अणूच्या केंद्रातल्या प्रोटॉनचे अंतरंग पाहायचे तर कणाला अब्जावधी इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा द्यावी लागते.

इलेक्ट्रॉनव्होल्ट हे नाव मोठे वाटते, पण माप अगदी लहान आहे. टॉर्चमधला सेल दीड व्होल्टचा असतो. त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या दाबाने एका इलेक्ट्रॉनला जेवढी ऊर्जा मिळते ती दीड इलेक्ट्रॉनव्होल्ट. अब्जावधी इलेक्ट्रॉनव्होल्ट एका झटक्यात द्यायचे तर अब्जावधी व्होल्टचा दाब लागेल. एवढा दाब कोणतेही निरोधक धरून ठेवू शकत नाही; ठिणगी पडून सारे संपते.

वेगाचे दुसरेही एक कारण आहे. आइन्स्टाइन यांच्या सूत्रानुसार ऊर्जेचे वस्तुमानात रूपांतर होते. दोन वेगवान कण समोरासमोर आदळले की त्यांच्या ऊर्जेतून आधी तेथे नसलेले, अधिक जड कण निर्माण होऊ शकतात. विश्वाच्या आरंभी जे कण होते आणि आता आढळत नाहीत, ते क्षणभर का होईना, प्रयोगशाळेत तयार करता येतात.

मेढीभोवतीची पात

मोठा धक्का देता येत नसेल तर लहान धक्के पुन्हा पुन्हा द्यावेत, ही कल्पना पुढे आली. नागपंचमीच्या झोक्याला आपण हेच करतो. झोका परत आला की हलकेच ढकलायचे. धक्का लहान असतो, पण वेळ साधलेली असते, म्हणून झोका उंच जातो. नॉर्वेचे रॉल्फ विडरो यांनी सरळ रेषेत मांडलेल्या नळ्यांमध्ये असे धक्के देण्याचा प्रयोग केला होता. त्यांचा निबंध १९२९ साली अमेरिकेत बर्कली येथे अर्नेस्ट लॉरेन्स यांच्या पाहण्यात आला. लॉरेन्स यांना वाटले, नळ्यांची रांग लांबवत नेण्यापेक्षा कणालाच वळवून पुन्हा पुन्हा त्याच जागी आणले तर?

वळवण्याचे काम चुंबक करतो. विद्युतभारित कण चुंबकीय क्षेत्रात शिरला की त्याची वाट वाकते. मात्र चुंबक कणाचा वेग वाढवत नाही, फक्त दिशा बदलतो. खळ्यावर मळणी चाले तेव्हाचे दृश्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे लगेच कळेल. बैलाला गोल फिरवते ते मेढीला बांधलेले दावे. पुढे चालवते ती पाठीमागच्या माणसाची हाळी. लॉरेन्स यांच्या यंत्रात दाव्याचे काम चुंबकाकडे आणि हाळीचे काम विद्युत दाबाकडे होते. चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये, हवा काढून घेतलेल्या डब्यात, मध्ये फट ठेवलेले दोन पोकळ अर्धवर्तुळाकार विद्युतअग्र. कण फट ओलांडेल तेव्हा त्याला एक धक्का. धक्क्यागणिक वेग वाढतो, वर्तुळ मोठे होते आणि कण चक्राकार बाहेर सरकत जातो.

खळ्यावरची आणखी एक गोष्ट येथे उपयोगी पडते. मेढीभोवती बैलांची पात जुंपली की आतला बैल सावकाश पाय टाकतो आणि बाहेरच्या बैलाला भराभर चालावे लागते. पण सगळ्यांची फेरी एकाच वेळी पुरी होते. सायक्लोट्रॉनमध्ये नेमके हेच घडते. कणाचा वेग दुप्पट झाला की वर्तुळही दुप्पट मोठे होते, त्यामुळे फेरीचा वेळ बदलत नाही. म्हणून धक्क्यांचा ठेका एकदा लावून दिला की पुरे. १९३१ च्या आरंभी लॉरेन्स आणि त्यांचे विद्यार्थी स्टॅन्ली लिव्हिंगस्टन यांनी तळहातावर मावेल एवढ्या, सुमारे ११ सेंटिमीटर व्यासाच्या यंत्रात १८०० व्होल्टचा दाब वापरून हायड्रोजनच्या आयनांना ८० हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा दिली. चाळीसहून अधिक धक्के, प्रत्येक धक्का लहान. १९३९ चे नोबेल पारितोषिक लॉरेन्स यांना मिळाले.

आपल्याकडची सुरुवात

भारतात या यंत्राचे महत्त्व लवकर ओळखले ते मेघनाद साहा यांनी. त्यांनी आपले विद्यार्थी बी. डी. नाग चौधुरी यांना लॉरेन्स यांच्याकडे पाठवले. टाटांच्या विश्वस्तनिधीतून आर्थिक मदतही मिळवली. कोलकात्यात चुंबकाचे भाग पोहोचले. पण निर्वात पंप घेऊन येणारे जहाज दुसऱ्या महायुद्धात बुडाले आणि ते यंत्र पुरे होण्यास पुढे अनेक वर्षे गेली. देशातच घडवलेला मोठा सायक्लोट्रॉन कोलकात्यात सुरू झाला तो १९७७ साली.

महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाने १९८० च्या सुमारास मायक्रोट्रॉन नावाचा वर्तुळाकार त्वरक उभारला. त्याची ऊर्जा ८० लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट. यात इलेक्ट्रॉन दर फेरीला एकाच पोकळीतून जातात, तेथे धक्का घेतात आणि आधीपेक्षा मोठ्या वर्तुळावर निघतात. ही सगळी वर्तुळे त्या पोकळीपाशी एकमेकांना टेकलेली असतात. इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने पदार्थांत कोणते बदल होतात याचा अभ्यास करण्यासाठी विद्यापीठाच्या पातळीवरचे यंत्र हाताशी असणे ही त्या काळी मोठी गोष्ट होती.

आजारपणाच्या निमित्ताने सायक्लोट्रॉनशी आपल्यापैकी अनेकांचा संबंध नकळत येतो. कर्करोगाच्या तपासात पेट स्कॅन करतात. त्यासाठी टोचायच्या औषधातले किरणोत्सारी फ्लोरिन सायक्लोट्रॉनमध्ये बनते. देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयाच्या आवारातील रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला. हे फ्लोरिन दर ११० मिनिटांनी निम्मे होते. पुण्यात बनवलेली मात्रा पावणेचार तासांच्या प्रवासाने टेंभुर्णीपर्यंत आणली तर वाटेतच तिची तीन चतुर्थांश शक्ती संपलेली असेल. पेट स्कॅनची सोय मोठ्या शहरांभोवती का एकवटते, याचे एक कारण या हिशेबात आहे.

ठेका चुकतो

सायक्लोट्रॉनचे गणित सोपे होते, पण ते वेगाच्या एका मर्यादेपर्यंतच खरे होते. कणाचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या जवळ जाऊ लागला की सापेक्षतेच्या नियमाने त्याचे जडत्व वाढते. बाहेरच्या बैलाचे पाय जड व्हावेत आणि तो पातीच्या मागे पडावा, तसे होते. कण फटीपाशी उशिरा पोहोचतो, धक्का आधीच होऊन गेलेला असतो. पुढे तर धक्का उलटाच बसू लागतो.

यावरचा उपाय १९४४-४५ मध्ये दोघांना स्वतंत्रपणे सुचला : रशियात व्लादिमिर वेक्सलर यांना आणि अमेरिकेत एडविन मॅकमिलन यांना. कणाची वाट कायमची एकाच वर्तुळाकार नळीत ठेवायची आणि त्याची ऊर्जा वाढेल तसे चुंबकाचे बळ वाढवत न्यायचे. धक्क्यांचा ठेकाही कणाच्या फेरीशी जुळवून घ्यायचा. सगळे एकमेकांशी मिळवून चालते, म्हणून या यंत्राला सिंक्रोट्रॉन म्हणतात. आता पूर्ण वर्तुळभर पसरलेला अवजड चुंबक लागत नव्हता. नळीच्या कडेने लहान लहान चुंबक मांडले की झाले. वर्तुळ मोठे करण्याची वाट मोकळी झाली, आणि तेथेच वळणाची किंमत समोर आली.

सांडणारा उजेड

विद्युतभारित कण वळताना प्रकाश टाकतो आणि तेवढी ऊर्जा गमावतो. हे गणिताने आधीच माहीत होते. १९४७ साली अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत ७ कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टच्या सिंक्रोट्रॉनमध्ये ते डोळ्यांना दिसले. त्या यंत्राची निर्वात नळी पारदर्शक होती, म्हणून आतला तेजस्वी ठिपका बाहेरून दिसला. त्या प्रकाशाला पुढे सिंक्रोट्रॉन प्रारण हे नाव पडले.

या गळतीचा नियम कठोर आहे. त्रिज्या तीच ठेवून कणाची ऊर्जा दुप्पट केली तर एका फेरीतली गळती दुप्पट नव्हे, सोळा पट होते. त्रिज्या दुप्पट केली तर गळती फक्त निम्मी होते. म्हणजे ऊर्जा वाढवणाऱ्याला वर्तुळ कितीतरी जास्त वाढवावे लागते. आमच्या विद्यार्थ्यांच्या ‘लहान वर्तुळात भागत नाही का?’ या प्रश्नाचे उत्तर, इलेक्ट्रॉनांपुरते, हेच आहे.

कण कोणता यावरही बरेच अवलंबून असते. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट जड. ऊर्जा आणि वर्तुळ सारखेच असेल तर प्रोटॉनची गळती इलेक्ट्रॉनच्या गळतीच्या सुमारे दहा लाख कोटींव्या भागाइतकी असते. हलक्या कणाला वळण महाग पडते, जड कणाला स्वस्त.

कणभौतिकीच्या संशोधकांना हा उजेड म्हणजे तोटा वाटत होता. कष्टाने भरलेली ऊर्जा वळणावर सांडत होती. हळूहळू दुसऱ्या शास्त्रांतले लोक ते सांडलेले मागू लागले. कारण हा प्रकाश विलक्षण तेजस्वी, अरुंद झोताचा आणि अवरक्त किरणांपासून क्ष-किरणांपर्यंत सलग पसरलेला असतो. पुढे काही ठिकाणी यंत्रेच या उजेडासाठी बांधली गेली. त्यांतले एक आपल्यापासून फार लांब नाही.

इंदूरचे सोळा चुंबक

टेंभुर्णीहून करमाळ्याच्या रस्त्याने उत्तरेला निघावे आणि धुळ्यावरून पुढे इंदूर गाठावे. चौंडीच्या अहिल्याबाईंमुळे आणि होळकरांमुळे मराठी माणसाला हे शहर परके नाही. तेथे १९८४ साली प्रगत तंत्रज्ञान केंद्राची पायाभरणी झाली. त्याचे पहिले संचालक दिलीप देवीदास भवाळकर. २००५ मध्ये या केंद्राला राजा रामण्णा यांचे नाव देण्यात आले. येथे इंडस-१ हे यंत्र १९९९ मध्ये आणि इंडस-२ हे मोठे यंत्र २००५ मध्ये सुरू झाले. इंडस-१ चा घेर १९ मीटरच्या आत, तर इंडस-२ चा सुमारे १७२ मीटर.

इलेक्ट्रॉनाचा प्रवास तीन टप्प्यांत होतो. प्रथम मायक्रोट्रॉनमध्ये त्याला २ कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा मिळते. म्हणजे पुणे विद्यापीठात होते त्याच जातीचे यंत्र येथे पहिल्या पायरीला आहे. मग तो एका मधल्या सिंक्रोट्रॉनमध्ये जातो. तेथे ४५ कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत पोहोचला की इंडस-१ मध्ये, ५५ कोटींपर्यंत पोहोचला की इंडस-२ मध्ये सोडला जातो. इंडस-२ मध्ये त्याची ऊर्जा अडीच अब्जांपर्यंत वाढवतात आणि त्याच ऊर्जेला त्याला तासन् तास फिरत ठेवतात. तेथे त्याचा वेग प्रकाशाच्या वेगापेक्षा सेकंदाला साधारण सहा मीटरने कमी असतो. एका सेकंदात तो सतरा लाखांहून अधिक फेऱ्या मारतो.

इंडस-२ ला आपण वर्तुळ म्हणतो खरे, पण प्रत्यक्षात ते सोळा वळणांचे कडे आहे. वाकवणारे चुंबक सोळा, आणि त्यांच्यामध्ये सरळ तुकडे. उजेड सांडतो तो या वळणांवर. एका फेरीत एक इलेक्ट्रॉन साधारण ६ लाख २० हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट गमावतो. भरपाई केली नाही तर दोन-तीन मिलिसेकंदांत त्याची सगळी ऊर्जा संपेल एवढा हा वेग आहे. खरे तर त्याच्या बऱ्याच आधी तो नळीच्या भिंतीवर आदळेल. म्हणून सरळ तुकड्यांतल्या रेडिओलहरींच्या पोकळ्या दर फेरीला त्याला गमावलेली ऊर्जा परत देतात. कड्यात १०० मिलिअँपिअर प्रवाह फिरत असेल तर उजेडाच्या रूपाने सतत बाहेर पडणारी शक्ती ६२ किलोवॅटच्या आसपास असते. उजनीच्या काठावरच्या पाच अश्वशक्तीच्या सोळा मोटारी एकदम चालाव्यात एवढी.

हा उजेड चहूकडे पसरत नाही. इलेक्ट्रॉन ज्या दिशेने जात असतो त्याच दिशेने, मोटारसायकलच्या दिव्यासारखा पुढे पडतो, पण तिच्याहून कितीतरी अरुंद. वीस मीटर अंतरावरही क्ष-किरणांच्या झोताची उभी जाडी काही मिलिमीटरच असते. प्रत्येक वळणावर खिडकी ठेवून तो झोत प्रयोगाच्या खोलीत नेतात. एका ठिकाणी प्रथिनाच्या स्फटिकावरून परावर्तित झालेल्या किरणांतून रेणूची रचना काढली जाते. दुसरीकडे पदार्थावर प्रचंड दाब देऊन त्यातल्या अणूंची मांडणी कशी बदलते ते पाहतात. तिसरीकडे नमुन्यातल्या मूलद्रव्यांचा ठिकाणा लावतात : धान्याच्या दाण्यात जस्त टरफलात आहे की गाभ्यात, मातीच्या कणात आर्सेनिक कोणत्या रूपात अडकले आहे, असे प्रश्न या पद्धतीने सोडवता येतात. साध्या क्ष-किरण नळीने हे कधी दिवसांचे काम असते, कधी अशक्यच.

विद्यापीठांतले संशोधक आपल्या प्रयोगाचा प्रस्ताव पाठवून येथे वेळ मागतात. कणभौतिकीने ज्याला तोटा मानले, तो येथे पीक म्हणून घेतला जातो.

एक बोगदा, दोन यंत्रे

वळणाची किंमत किती भारी पडू शकते हे मात्र जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेने अनुभवले. जमिनीखाली २७ किलोमीटर घेराचा बोगदा खणून तेथे १९८९ साली लेप हे यंत्र सुरू झाले. त्यात इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ तेथील एल-३ या प्रयोगात सामील होते. लेपने झेड कणाचा बारकाईने अभ्यास करून दाखवले की, निसर्गात हलक्या न्यूट्रिनोंच्या जाती तीनच आहेत. हा निष्कर्ष अवकाशात दुर्बीण न लावता जमिनीखालच्या वर्तुळाने विश्वाविषयी काढलेला आहे.

पुढे हिग्ज कणाचा शोध सुरू झाला. लेपची ऊर्जा वाढवत वाढवत प्रत्येक झोताला १०४.५ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत नेली. तेव्हा एका फेरीतली गळती साडेतीन अब्जांच्या घरात गेली होती. म्हणजे कण दर फेरीला आपल्या ऊर्जेचा तीन टक्क्यांहून अधिक भाग गमावत होता. बोगद्यात धक्क्यांच्या पोकळ्या मावतील तेवढ्या बसवून झाल्या होत्या. दोन झोतांची मिळून ऊर्जा २०९ अब्ज. हिग्ज आणि झेड हे दोन्ही कण एकत्र निर्माण होण्यासाठी किमान २१६ अब्ज लागतात, हे आज आपल्याला माहीत आहे. तेव्हा हिग्जचे वस्तुमान कोणालाच ठाऊक नव्हते. अवघे सात अब्ज कमी पडले. ११ वर्षे चाललेले यंत्र २००० साली बंद झाले, ते दारापर्यंत पोहोचून.

त्याच बोगद्यात मग प्रोटॉनांचे यंत्र बसवले : लार्ज हॅड्रॉन कोलायडर. बोगदा तोच, त्रिज्या तीच, पण कण जड. प्रोटॉनची ऊर्जा ६८०० अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत नेली तरी एका फेरीतली गळती जेमतेम सहा-सात हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट. उजेडाची गळती अशी नगण्य झाली, पण वळणाने आपली किंमत दुसऱ्या खिशातून काढली. एवढ्या ऊर्जेचा प्रोटॉन वाकवायचा तर अतिशय बलवान चुंबक लागतात. बोगद्यात १५ मीटर लांबीचे १२३२ अतिवाहक चुंबक आहेत आणि ते उणे २७१ अंश सेल्सिअस तापमानाला, द्रवरूप हेलियममध्ये थंड ठेवावे लागतात. धक्के मात्र येथेही लहानच. साधारण वीस मिनिटांत प्रोटॉन एक कोटीहून अधिक फेऱ्या मारतो, आणि एका फेरीत त्याच्या ऊर्जेत पडणारी भर पाच लाख इलेक्ट्रॉनव्होल्टचीही नसते. ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज कण सापडल्याची घोषणा झाली.

या वर्तुळात भारताचाही वाटा आहे. सुमारे ३५ टन वजनाचा प्रत्येक चुंबक तीन टेकूंवर बसवलेला असतो, आणि ते टेकू मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतके बारीक सरकवता यावे लागतात. असे सुमारे ७ हजार टेकू इंदूरच्या केंद्राच्या देखरेखीखाली भारतातल्या कारखान्यांत तयार झाले. सीएमएस या प्रयोगातील शोधयंत्राचा बाहेरचा हॅड्रॉन कॅलरीमापक बनवण्यात टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मोठा सहभाग होता. २०१७ मध्ये भारत सर्नचा सहयोगी सदस्य झाला.

पुन्हा उभ्या रिंगणाकडे

प्रोटॉनांच्या टकरीत एक गैरसोय असते. प्रोटॉन हा स्वतः अनेक कणांची मोट आहे. दोन मोटी आदळल्या की नेमके कोण कोणावर आदळले हे निवडून काढावे लागते. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांची टक्कर स्वच्छ असते. मग वळणाची किंमत टाळून इलेक्ट्रॉनांना सरळ रेषेतच का धावू देऊ नये? उभे रिंगण पुन्हा चर्चेत आले. तीस-चाळीस किलोमीटर लांबीच्या सरळ यंत्रांचे आराखडे निघाले.

येथे एका मराठी संशोधिकेचे काम महत्त्वाचे ठरते. रोहिणी गोडबोले यांचा जन्म १९५२ साली पुण्यात झाला. हुजूरपागा, स. प. महाविद्यालय आणि मुंबईची आयआयटी असे शिक्षण घेऊन त्यांनी अमेरिकेत स्टोनी ब्रुक येथे डॉक्टरेट मिळवली. मुंबई विद्यापीठात अध्यापन केल्यावर १९९५ पासून त्या बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत होत्या. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मान्युएल ड्रीस यांच्याबरोबर त्यांनी १९९१ च्या सुमारास सरळ यंत्रांतली एक अडचण दाखवून दिली.

वर्तुळाकार यंत्रात कणांचे तेच पुंजके लाखो वेळा समोरासमोर येतात. या फेरीला टक्कर हुकली तर पुढच्या फेरीला होईल. सरळ यंत्रात संधी एकच. म्हणून पुंजके मीटरच्या काही अब्जांश भागाइतके पातळ दाबावे लागतात. एवढे दाट पुंजके एकमेकांतून जातात तेव्हा एकाच्या विद्युतचुंबकीय क्षेत्राने दुसऱ्यातल्या कणांची वाट वाकते. वाट वाकली की उजेड सांडणारच. गोडबोले आणि ड्रीस यांचा हिशेब असा होता की, या उजेडाचे फोटॉन एकमेकांवर आदळून हॅड्रॉन कणांचा कचरा निर्माण करतील आणि काही आराखड्यांत तो इतका असेल की, ज्या स्वच्छतेसाठी सरळ यंत्र बांधायचे तीच हरवेल. त्यानंतर अशा यंत्रांची आखणी करताना हा हिशेब धरावा लागतो.

म्हणजे ज्या वळणाला टाळून सरळ रस्ता धरला, ते शेवटच्या क्षणी, टकरीच्या जागी उभेच होते. यंत्र बांधण्याआधी, कागदावर, हे कळले. नंतर कळले असते तर काय किंमत पडली असती याची कल्पना करावी. गोडबोले यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

आता सर्नपुढे सुमारे ९१ किलोमीटर घेराच्या नव्या वर्तुळाचा प्रस्ताव आहे. त्यात पुन्हा इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन फिरवायचे आणि हिग्ज कण मोठ्या संख्येने तयार करून तपासायचे. १२० अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टला तेथेही एका फेरीत दोन अब्जांच्या आतबाहेर गळती होईल. लेपपेक्षा ऊर्जा जास्त असूनही गळती कमी, ती केवळ वळण सौम्य केल्यामुळे. एवढा खर्च करावा की नाही, यावर भौतिकशास्त्रज्ञांतही एकमत नाही. वाद होणे योग्यच आहे. पण तो आकार पाहून न करता हिशेब पाहून करावा. ९१ किलोमीटर ही कोणाची हौस नाही, इलेक्ट्रॉनच्या हलकेपणाने आणि चौथ्या घाताच्या नियमाने मागितलेली ती जागा आहे.

आपल्या भागातल्या मुलांनी जिनिव्हाची स्वप्ने अवश्य पाहावीत. पण इंदूर येथून साडेपाचशे-सहाशे किलोमीटरवर आहे, आणि तेथील सोळा वळणांवरच्या खिडक्यांपाशी वेळ मिळतो तो चांगला प्रश्न घेऊन येणाऱ्याला. उसाच्या पट्ट्यात खारावत चाललेली जमीन, ज्वारीच्या दाण्यातले लोह, उजनीच्या गाळात साचत जाणारे धातू, हे प्रश्न आपल्या बांधावरच आहेत. एखाद्या विद्यार्थिनीने त्यांतला एक नीट मांडला, विद्यापीठातल्या मार्गदर्शकाबरोबर प्रस्ताव पाठवला आणि चिमूटभर माती घेऊन ती इंदूरला गेली, तर प्रकाशाच्या वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन त्या वळणावर जे सांडतील ते तिच्या मातीवर पडेल.